खोलीत दुसरं कोणी नव्हतं

आदरणीय दादा,

नमस्कार. वहिनींचे गुडघे कसे आहेत? जिना टाळतात ना? तुम्ही दर रविवारी फोनवर "जेवलात का?" विचारता आणि मी हो म्हणतो. (बहुतेक वेळा ते खरं असतं.) फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

झालं असं, की कंपनीत नवे साहेब आले. जुन्या इंजिनिअरांची कौशल्यं आणि आजचं काम यांत दरी पडली आहे, ती प्रशिक्षणाने बुजवायची, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. त्या दरीत उतरवलेल्यांत पहिला मी. परीक्षा देऊन प्रमाणपत्र आणलं तर नोकरी, नाहीतर घरी बसायचं. पहिल्या खेपेला नापास झालो. ही शेवटची संधी. शिकवायला आलेली मुलगी गुणी होती, पण रोज म्हणायची, "काका, जुनं सगळं डोक्यातून काढून टाका, मग नवीन बसेल." (गेले काही महिने भेटणारा प्रत्येक जण मला हेच सांगतो. ती निदान संगणकाबद्दल बोलत होती.)

परीक्षा घरूनच, पण पहारा कडक. कॅमेऱ्यातून एक परीक्षक पाहतो, शिवाय एक यंत्र पाहतं. आधी टेबलाखाली, पडद्यामागे, माझ्या कानांत काही नाही ना, हे सगळं दाखवून झालं. (मागच्या भिंतीवरून कॅमेरा मी जरा घाईने फिरवला.) खोलीत दुसरं कोणी नको, पुटपुटायचं नाही, मान वळवायची नाही, तीन ताकिदी झाल्या की परीक्षा रद्द.

पहिली ताकीद सुरुवातीलाच मिळाली. तुम्हाला ठाऊक आहे, मी सरावाचे प्रश्न मोठ्याने वाचायचो आणि तुमची बहीण कपड्यांच्या घड्या घालता घालता उत्तर सांगायची. तिला संगणकातलं ओ का ठो कळत नव्हतं. तिचा हिशोब एवढाच, की सगळ्यात लांबलचक पर्याय बरोबर. खोटं बोलणारा इतके कष्ट घेत नाही. तर सवयीने ओठ हलले. मग एका अवघड प्रश्नाला नकळत मान मागे वळली. दुसरी ताकीद. त्यात माझा खांदा बाजूला झाला, भिंतीवरचा तिचा फोटो कॅमेऱ्यात आला आणि यंत्राने ठणाणा सुरू केला.

"सर, मागे कोण आहे?" परीक्षकाचा आवाज आला.

"बायको," मी म्हणालो. फोटो म्हणालो असतो तर तिथेच मिटलं असतं. पण तो शब्द तोंडात आलाच नाही.

"त्यांना बाहेर जायला सांगा."

"ती ऐकणार नाही."

"सर, मला परीक्षा थांबवावी लागेल. त्या हलत का नाहीत?"

पडद्यावर वेळ भराभर संपत होता. शेवटी उठलो, फोटो काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. परीक्षक हळूच म्हणाला, "बाहेर ठेवून या, सर. मी थांबतो." स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, भांड्यांकडे पाठ करून. (घासायची राहिली होती. तिने पाहिली असती तर तिसरी ताकीद तिचीच.)

उरलेला पेपर सोडवला. काठावर का होईना, पास झाल्याचं पडद्यावर दिसलं. फोटो परत जागेवर लावला आहे. काळजी नसावी.

तुमचा मेहुणा

ता. क. निकाल परीक्षा घेणाऱ्यांनी राखून ठेवला आहे. खोलीत दुसरी व्यक्ती असल्याचं मी स्वतःच कबूल केल्यामुळे, आपण मदत केली नाही अशी त्या व्यक्तीची सही हवी म्हणतात. किंवा ती हयात नसल्याचा दाखला. त्यासाठी कचेरीच्या फेऱ्या तुम्हीच घातल्यात, तो तुमच्याकडेच आहे. मी कधी मागितला नाही. त्याची प्रत थेट त्यांनाच पाठवाल का? मला दाखवू नका.

ता. क. २. मान वळली त्या प्रश्नाला मी सगळ्यात लांब पर्याय निवडला. बरोबर आला, त्या एका उत्तरानेच पास आहे. तेव्हा दाखल्यासोबत 'मदत झाली नाही' असं मात्र लिहू नका.