फर्नेसला मोकळा श्वास

३ नोव्हेंबर
आज किचनची भिंत पाडली. सगळं काम स्वतः करणार. थँक्सगिव्हिंगच्या आत नवं किचन. डुलुथमधले निम्मे लोक नुसते बोलतात. मी भिंत पाडलीसुद्धा.
मार्लिस म्हणाली, तळघरातल्या फर्नेसची गरम हवा ज्या जाळ्यांतून खोल्यांत येते त्यांना आधी प्लास्टिक लाव आणि काम संपेपर्यंत फर्नेसचा फिल्टर दर आठवड्याला बदल, माझा दमा माहीत आहे ना तुला. म्हटलं, फिल्टरच्या खोक्यावर तीन महिने लिहिलंय. एकतीस वर्षांच्या संसारात बाईने एकदाही खोकं वाचलेलं नाही.

१० नोव्हेंबर
फिल्टर बघितला. करडा. म्हणजे काम करतोय. अंगणात कठड्यावर आपटून परत बसवला. साडू आयनार नेमका तेव्हाच टपकला. विचारतो, गालिचा झटकतोयस का. त्याच्या घरी फिल्टरचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं आहे. अशा माणसाशी काय बोलायचं!
प्लास्टिक उद्या नक्की.

१६ नोव्हेंबर
नव्या भिंतीवरची पुट्टी घासली. गालासारखी गुळगुळीत. प्लास्टिक राहिलंच, पण आता लावून काय उपयोग?
बाहेर उणे अठरा. फर्नेस सारखा बंद पडतोय. दुकानातला सगळ्यात जाड फिल्टर आणून बसवला. तासाभरात तोही पुट्टीच्या धुळीने माखला. आता आणखी लवकर बंद पडतो.

संध्याकाळी ५
निदान झालं! फिल्टरच हवा अडवतोय. काढूनच टाकला. दहा मिनिटांत घर ऊबदार. मार्लिसला सांगितलं, फिल्टरचा प्रश्न कायमचा सुटला. खूश झाली. खोटं एक अक्षर बोललो नाही.

१८ नोव्हेंबर
घरभर पांढरं. पियानो, उशा, लोणी. काळा कुत्रा एकदम वयस्कर दिसतोय. म्हटलं, खिडकीच्या फटीतून बर्फाचा भुगा येत असेल. मार्लिसने चिमूटभर तळहातावर घेऊन दाखवला. वितळेना. पुढे तिला बोलताच येईना, इतका खोकला. पंप दोनदा ओढला. मग बॅग भरली, कुत्रा घेतला आणि बहिणीकडे, म्हणजे आयनारच्याच घरी, गेली.
बरंच झालं. बहिणी-बहिणींच्या गप्पा होतील.

२० नोव्हेंबर
फर्नेस साफ गार. दुरुस्तीला रेनाटा नावाची मुलगी आली. पंखा उघडून मुठीएवढे पांढरे गोळे काढले. विचारलं, फिल्टर कुणी काढला? म्हटलं, आधीचे मालक. तुम्ही किती वर्षं राहताय? एकतीस. तिने एक गोळा माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, काका, दम्याचं माणूस असतं घरात, तर थेट हॉस्पिटल गाठावं लागलं असतं.
मी पायरीवरचा बर्फ खरवडायला बाहेर गेलो. पायरीवर बर्फ नव्हता. तरी थांबलो.

२६ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टर्कीचं जेवण आयनारकडे, माझ्या किचनला अजून नळ नाही. आयनारने सगळ्यांदेखत मला तळघरात नेऊन फिल्टर बदलायचं शिकवलं. चौसष्टाव्या वर्षी. मान डोलावली. म्हणाला, आता तू बसव. एका झटक्यात बसवला. त्याने कडेला छापलेल्या, हवेची दिशा दाखवणाऱ्या बाणावर बोट ठेवलं. उलटा.
जिन्यात मार्लिस उभी होती. हसायला लागली ती थांबेचना. मी पंप शोधायला धावलो. त्याची गरजच पडली नाही. नुसतंच हसत होती.
फिल्टर काढला, सुलटा बसवला. तिने वरून विचारलं, नीट बसला का रे? पहिल्यांदाच म्हटलं, तूच येऊन बघ.