अळ्या काढून खा

सर, तुमच्यावर राग आलाय म्हणून लिहितोय. नववीत तुम्ही रशियाच्या झारच्या युद्धनौकेवरचं बंड शिकवलंत. खलाशांच्या मांसात अळ्या निघाल्या, जहाजावरचा डॉक्टर म्हणाला, धुऊन घ्या, खाण्याजोगं आहे, आणि खलाशांनी जेवणाला हात लावला नाही. सांगताना तुमचे डोळे भरून आले होते. आम्ही बोर्डिंगची मुलं भारावून ऐकत होतो. त्याच आठवड्यात आमच्या आमटीत अळ्या तरंगल्या. रेक्टरही तुम्हीच. माझ्या शेजारच्या मुलाने ताट बाजूला सारलं. तुम्ही येता, वाकून बघता, चमच्याने दोन अळ्या काढून टाकता. "घरी काय पक्वान्नं मिळतात रे तुला? खा." तो खात नाही. दुसऱ्या दिवशी त्याची वळकटी फाटकाबाहेर होती. त्याची शाळा तिथेच सुटली. बंड परक्या मुलखात झालं तरच तुम्हाला आवडायचं का, सर?

मी इथे ओमानात, मोठी जहाजं बंदरात ओढून आणणाऱ्या टगवर इंजिन सांभाळतो. गेल्या आठवड्यात आमचा फ्रीजर बंद पडला. रोज सांगत होतो, रोज उत्तर एकच, इन्शाल्ला. मांस हिरवं पडलं, वास सुटला. रत्नागिरीकडचे आमचे म्हातारे भंडारी, म्हणजे टगवरचे स्वयंपाकी, म्हणाले, हे रांधून मी कुणाला वाढणार नाही. मग कंपनीचा माणूस आला, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "धो के पका लो, कुछ नहीं होता."

मी म्हटलं, "पहले आप खाओ."

मी इंजिन सुरू केलं नाही. आत यायचं जहाज बाहेर ताटकळत उभं, अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, फोनवर फोन, यल्ला, चला लवकर, नाहीतर व्हिसा खलास. आम्ही सगळे डेकवर बसून राहिलो. दुपारी ताजं मांस आलं, फ्रीजरचा मेकॅनिकही आला. आणि काल मला कळवलं, व्हिसा वाढणार नाही. गावी मुलगी बारावीला आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

त्या रुमालवाल्याचा मला एवढा राग नाही. त्याने मला कधी बंड शिकवलं नव्हतं. तुम्ही शिकवलंत, आणि मग त्या पोराला हाकललंत.

तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, पत्र पाठवणार कुठे? इथल्या दार्सैत वस्तीतल्या खोलीत बसून लिहितोय. अर्बाबला घाबरलो नाही. पण हा कागद दोनदा फाडून पुन्हा लिहिलाय, सर, शुद्धलेखनाच्या भीतीने.