पेरलेला कचरा

प्रिय धाकट्या,

आई बाहेरगावी गेली होती आणि आपण दोघांनी ओले तंबू थेट दिवाणखान्यात वाळत घातले होते, आठवतं? दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं बाबांच्या पुस्तकांच्या कपाटाला. आई ठरल्यापेक्षा आधीच परतली, दारात थबकली आणि म्हणाली, "हे घर आहे की सर्कस?" तू तंबूखालून डोकं काढून म्हणालास, "सर्कसच! तिकीट काढून आत ये." ती रागवायचंच विसरली. हातातली बॅग खाली ठेवून तीच चिमटे शोधायला लागली. तेव्हा आपली कंपनी म्हणजे एवढाच पसारा होता: थोडे तंबू, मी शिवलेल्या पाठपिशव्या, तुझी गोड जीभ आणि पळीदादाचा फुरफुरणारा स्टोव्ह.

त्या पळीदादाला तू परवा कामावरून काढलंस. पहिल्या मोहिमेपासून आपल्याबरोबर असलेला आचारी. तू तापाने फणफणला होतास तेव्हा तुला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरलेला माणूस. त्याला तू फोनवर दोन वाक्यांत घरी बसवलंस. का, तर म्हणे त्याने पाहुण्यांचे कान भरले. हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. ती रडली नाही. "या वयात आता त्यांना कोण चुलीपाशी उभं करणार, ताई?" एवढंच म्हणाली. तो परत कामावर यायला हवा. पण आधी मला सगळं बोलू दे. शाळेतल्या नन्सनी मला आवाज न चढवता बोलायला शिकवलं, म्हणून लिहिते आहे. समोर असतास तर ते शिक्षण वाया गेलं असतं.

गेल्या महिन्यात मी आपल्या 'स्वच्छ शिखर' सफरीला, पाहुणे पैसे भरून डोंगरावरचा कचरा उचलायला येतात त्या, जाऊन आले. तुला सांगितलं नव्हतं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने नाव नोंदवलं होतं, तिचा पाय मुरगळला आणि तिच्या जागी मी गेले. तुझ्या तरुण वाटाड्याने मला ओळखलं नाही. माहितीपत्रकात 'आमच्या संस्थापिका' म्हणून माझा फोटो छापतोस खरा, पण तो तिशीतला. त्या बाईला आता मीही ओळखत नाही. पळीदादाने मात्र पाहताक्षणी ओळखलं. मी ओठांवर बोट ठेवलं, तसा तो सूपच्या पातेल्यात पळी फिरवत गालातल्या गालात हसला.

आमच्या गटात एक नर्स होती. वर्षभराची सुट्टी साठवून आली होती बिचारी. वरच्या उतारावर पोचल्यावर ती गुडघ्यांवर बसून खडकांच्या फटींतून चॉकलेटचे कागद एकेक करून काढत होती, लहान मुलाच्या जखमेतली खडी काढावी तशी. मीही हात घातला आणि हाताला लागला एक लाल रबरी बूट, लहान मुलाचा, टाचेवर पिवळी पट्टी. अरे, पहिल्याच सफरीत मी स्वतः दगडाखालून उपसून खाली आणला होता तो! चुकायचा प्रश्नच नव्हता. मी तो घेऊन तडक स्वयंपाकाच्या तंबूत गेले. पळीदादाने बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, आपल्या कंपनीतला सगळ्यात अनुभवी गिर्यारोहक आहे तो. आमच्यापेक्षा जास्त वेळा वर आलाय."

मग त्याने सगळं सांगितलं. उतार पहिल्याच हंगामात लखलखीत झाला होता. यात आनंद मानायचा, की संकट? तुमच्या कचेरीत संकट मानलं गेलं, कारण नावं तर धडाधड येत होती. पाहुण्यांना उचलायला काय द्यायचं? तेव्हापासून प्रत्येक गटाच्या आधी हमाल खालच्या पत्र्याच्या शेडमधली पोती वर वाहतात आणि कचरा उतारावर विखरून ठेवतात. पाहुणे तो गोळा करतात, फोटो काढतात, धन्य होतात. पोती पुन्हा शेडमध्ये. "पेरणी आमची, कापणी त्यांची," पळीदादा म्हणाला. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर पुसलेला व्हरांडाही पुन्हा पुसायला लावायच्या, पण त्यासाठी आधी चिखल आणून ओतत नव्हत्या रे!

आणि वाऱ्याला तुमचं वेळापत्रक कोण कळवणार? पाहुणे पोचायच्या आत अर्धं प्लास्टिक उडून खालच्या वस्तीच्या झऱ्यात जातं. मी उतरताना मुद्दाम तिथे थांबले. बायका हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी भरतात; त्या फडक्यावर रंगीत चिंध्या जमल्या होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, तुम्ही साफ करायला आलात त्याच्या आधी आमचं पाणी साफ होतं." माझाच फोटो छापून तुम्ही ही जबाबदारीची दुकानदारी मांडली आहे.

परत आल्यावर मी तुला फोनवर विचारलं. तू म्हणालास, "ताई, पाहुणे खूश, हमालांच्या हाताला काम, डोंगर शेवटी साफच. नुकसान कुणाचं?" मी झऱ्याचं सांगायला गेले, तर म्हणालास, "तू आपलं तंबूंचं शिवण बघ ना." हे मला कुठून कळलं असंही विचारलंस, पण उत्तराला थांबला नाहीस. तुझं उत्तर तू आधीच ठरवलं होतंस. शाळेच्या नाटकात मला नेहमी झाड करायचे. गप्प उभं राहायची मला सवय आहे. पण झाडालाही एक मर्यादा असते.

तेव्हा आता नीट वाच. पाहुण्यांना पळीदादाने काही सांगितलं नाही. मी सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी जेवणाच्या तंबूत उभी राहिले आणि शेडपासून झऱ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. पळीदादा माझी शाल ओढत होता, "ताई, बसा, सूप गार होतंय." नर्सने हातातली थाळी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. तुझ्याकडे तक्रारी आल्या त्या तिथून. आणि तू त्याला दरडावून विचारलंस, "कोण बोललं?" तर तो गप्प बसला. माझं नाव घेतलं असतं तर त्याची चूल राहिली असती. त्याने घेतलं नाही, म्हणून मी घेते आहे. माफी मागायला त्याच्या घरी तू स्वतः जायचंस, फोन करायचा नाहीस. कंपनीतला माझा अर्धा हिस्सा हमालांच्या आणि वस्तीच्या नावे करते आहे, वकीलबाईंनी कागद तयार केले आहेत. त्यांच्या वतीने तुझ्या समोरच्या खुर्चीत आता पळीदादा बसेल. माझं शिवणयंत्र त्याच्या बायकोला दे, तिचा हात माझ्याहून चांगला आहे. माहितीपत्रकातला फोटो काढून टाक. शेडमधली पोती तालुक्याच्या कचरा केंद्रात जाऊ देत, पावती मला दाखव. आणि तुझ्या वाट्याला येतो तो झरा. कोपरापर्यंत बाह्या सारून तू त्यात उतरायचंस, म्हातारीच्या फडक्यावर काही उरेनासं होईपर्यंत. एकटा जाऊ नकोस. कधी निघतोस ते कळव, माझे दुखरे गुडघे घेऊन मीही येते.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई