चष्मा मोडलेल्यांसाठी वेबसाइट

३ जून
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना हे शेजारीच असतात, म्हणून चोरून लिहिते आहे. चष्म्याच्या दुकानासाठी तू नवी वेबसाइट करून दिलीस, ती यांनी अख्ख्या गल्लीला दाखवली. पण महिना झाला, डोळे तपासायला वेळ मागणारे फोन दिवसाला दहाचे दोनवर आलेत. सप्टेंबरात जागेचा करार संपतो. हीच गत राहिली तर दुकान बंद करायचं, असं यांनी ठरवलंय. तुझं पहिलंच काम म्हणून तुला कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही, तूच बघ.

आहे तशीच माया राहू दे.
तुझी काकू

९ जून
ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

काकूवर चिडू नका, तिने सांगितलं ते बरंच केलं. काळं पान, नाजूक राखाडी अक्षरं, आपोआप सरकणारे फोटो, हे सध्या सगळीकडे चालतं. आमच्या ऑफिसात त्याचं कौतुकही झालं. पण तुमचे फोन थांबले असतील तर ते कौतुक काय चुलीत घालायचंय? दोन-चार गिऱ्हाइकांना ती वेबसाइट बघायला द्या आणि कुठे अडतात ते कळवा. माझी भीड धरू नका. मला वाईट वाटेल, पण दुकान बंद झालं तर त्याहून जास्त वाटेल.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची चिमणी

१७ जून
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकूच्या पोटात काही राहत नाही, हे लग्नापासून ठाऊक आहे. असो. तपासणीच्या खुर्चीत एकेकाला बसवलं, चष्मा काढून घेतला आणि तुझं पान पुढ्यात धरलं. शेजारच्या शिंप्याला फोन नंबर सापडेना. फोटो सरकला की तो त्यालाच थांब म्हणून दटावत होता. मास्तरीणबाईंनी त्या काळ्या पानाकडे बघून विचारलं, की दुकान कधी बंद केलंत?

अगं, चष्मा मोडला, हरवला की माणूस आपल्याला शोधतो. तो हे वाचणार कसा? तीस वर्षं या धंद्यात आहे, पण मी पान बघितलं ते चष्मा लावून. दिव्याखाली अंधार! फोनच्या कॅमेऱ्यात फ्रेम आपल्या चेहऱ्यावर लावून बघायची सोय मात्र ठेव. कॉलेजची मंडळी ती बघूनच येतात. बाकीचं काढ.

लोभ घट्ट आहे, घाबरू नकोस.
तुझा काका

२९ ऑगस्ट
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पांढरं पान, ठसठशीत अक्षरं, वरच मोठा नंबर, दाबला की फोन. झकास झालंय. तुझ्या साहेबांना ते गावंढळ वाटतं म्हणतेस. त्यांना म्हणावं, एकदा चष्मा काढून बघा.

फोन पुन्हा आठ-नऊवर आलेत. काल सकाळी एका बाईंचा आला. पायाखाली चष्मा मोडला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं, दुपारी नोकरीची मुलाखत होती. फोन नंबर कोणी वाचून दिला, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, मीच वाचला की. दुपारच्या आत त्यांना चष्मा करून दिला. संध्याकाळी जागामालकाला बोलावलं आणि पाच वर्षांच्या करारावर सही केली. फार आनंद झाला, पोरी.

माया आहेच, ती कळवायची काय!
तुझा काका