डाव्या अंडाशयाचं टिचबटण

दिनांक ९ नोव्हेंबर २०१९, शनिवार. सकाळी कपडे वाळत घातले, दवाखान्यातून रिपोर्ट आणला. दुपारी दोघा साक्षीदारांना चहाला बोलावलं. माझ्या डाव्या अंडाशयात गाठ आहे. सोमवारी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढणार आहेत. तत्पूर्वी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते.

१. माझं दोन खोल्यांचं घर व आतील सामान माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलीस, म्हणजे माझ्या एकुलत्या एक भाचीस द्यावं. कपाटाचं दार जरा उचलून लावावं लागतं.

२. नर्सिंग स्कूलमध्ये ज्यावर मी तीस वर्षं शिकवलं, तो मी शिवलेला स्त्रीच्या ओटीपोटाचा कापडी नमुना शाळेस द्यावा. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, मधे मुठीएवढं गर्भाशय. दोन्ही अंगांना बीजवाहिन्या आणि त्यांच्या टोकांशी बदामाएवढी अंडाशयं, टिचबटणांनी लावलेली. डावं बटण सैल आहे. माझ्या जागी आलेल्या बाई त्याला "भरतकाम" म्हणून हसल्या होत्या. बटण त्यांनीच शिवून घ्यावं.

३. माझी बहीण म्हणाली होती, "ताई, गॅस झालाय गं. दोन घास खाल्ले की पोट भरतं." मी गोळी दिली. आमच्या घरी कमरेखालच्या सगळ्याला पोटच म्हणत. वर्गात मी मुलींना दरडावत असे, "पोट म्हणू नका, बोट ठेवून दाखवा." बहिणीला तसं म्हणाले नाही. पाच महिन्यांनी अंडाशयाचा कर्करोग निघाला, तोवर तो पोटभर पसरला होता.

गेल्या रविवारी भाची म्हणाली, "कपडे घट्ट होतायत, मावशी. गॅस असेल. आता तू माझ्याही पोटात आजार शोधू नकोस हं." मी नुसती हसले.

सबब अट अशी की, किल्ल्या घेण्यापूर्वी तिने आईचे व माझे रिपोर्ट दाखवून स्त्रीरोगतज्ज्ञाकडून ओटीपोटाची तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. लाज वाटते, ही सबब चालणार नाही.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर.
लिहून देणार: मावशी (सही)
साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. शेजारची शिंपीण (सही)
२. नर्सिंग स्कूलचे निवृत्त शिपाई (सही)

साक्षीदार गेल्यावर कलम तीन पुन्हा वाचलं. हे पाकीट मी गेल्यावर उघडणार. तोवर ती गोळ्या खात बसेल.

तिन्ही कपबश्या विसळल्या. हात पुसून भाचीचा नंबर लावला आहे. वाजतोय.