रिकाम्या बारमधला वास

आई, आमच्या खाणावळीला लागून असलेली खोली मी बारसाठी घेतली आहे. तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, मला दिसतात. पळसदरीला शनिवार-रविवारी येणारी माणसं आधी बिअर आहे का ते विचारतात, आणि नाही म्हटलं की जेवायलाही थांबत नाहीत, म्हणून हा उद्योग. परवाना माझ्या नावावर काढला, तुझ्या जावयांच्या नाही. त्यांनी दारू सोडली त्याला सहा वर्षं झाली. ते बघायला तू उरली नव्हतीस. "आता तरी भरवसा ठेव की गं," नणंद म्हणाली. मी हसले आणि अर्जावर माझीच सही केली.

महिनाभर सामान येतंय आणि माझा कशावरच विश्वास बसत नाही. कूलर नवाकोरा म्हणून आणला, तर मी त्याच्या दाराच्या रबरात बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं, तसाच टेंपोत चढवून परत पाठवला. पेग मोजायचं माप औषधाच्या सिरिंजने पाणी घालून तपासलं. प्लंबर म्हणाला, "वैनी, तुमी पोलिसात पायजे व्हत्या." त्याला काय ठाऊक, हे शिक्षण कुठलं! शाळा सुटली की मी खालापूरला हायवेवरच्या त्या परमिट रूमच्या मागच्या दारी यायची. तू मोरीपाशी बसलेली असतेस, साडीचा ओचा खोचून, कोपरापर्यंत फेसात, आणि शेजारी ग्लासांचा ढीग. एकदा मी मदत म्हणून धुतलेला ग्लास तू माझ्याच नाकाशी धरलास. "पान्यातून काढला म्हंजी धुतला नाय. हुंगून बघ. डोळं फसत्यात, नाक नाय फसत." तो मला तीनदा घासायला लावलास.

गेल्या मंगळवारी ग्लासांची खोकी आली. मी सगळे धुतले, हुंगले, रॅकवर पालथे घातले. बुधवारी दुपारी त्यातला एक सिंकच्या मागे, कोपऱ्यात सरकवलेला सापडला. नाकाशी धरला. उग्र वास, तळाशी पिवळट ओल. बारमध्ये अजून एकही बाटली आली नव्हती, माल पुढच्या आठवड्यात यायचा होता. म्हणजे बाहेरून आणलेली. सकाळपासून किल्ली यांच्याकडे. कर्जतला दोनदा जाऊन आले होते, दुसऱ्यांदा का ते सांगितलं नव्हतं. आणि आल्यापासून बडीशेप चघळत होते. एवढं मला पुरलं.

ते शिडीवर उभे राहून काउंटरवरचा दिवा बसवत होते. "खाली या," मी म्हटलं.

"काय झालं गं?"

मी ग्लास दाखवला. ते त्या ग्लासाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "मी नाय प्यायलो."

"तोंड उघडा."

ते उतरले. डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी जवळ जाऊन हुंगलं. बडीशेप, दुसरं काही नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला. काउंटर करणारे कडावचे सुतारकाका हातात कापडाचा बोळा घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "वैनी, त्यो गलास मी घेतलेला. उद्याच्या पॉलिशला स्पिरिटमंदी लाखेचा चपडा भिजवून बघितला. माजा डबा गळका निगाला. सांगायचं ऱ्हायलं बगा."

हे शिडीकडे वळले. वर चढले आणि उरलेला स्क्रू पिळू लागले. मी तो ग्लास धुवायला घेतला तेव्हा मला तू दिसलीस. परमिट रूमचा मालक, घरी निघायच्या वेळी तुम्हा चौघी बायकांना भिंतीशी उभं करायचा. ग्लासातली उरलेली दारू चाखता का म्हणून एकेकीचं तोंड हुंगायचा. मी मागच्या दारातून बघतेय. तुझी पाळी येते, तू मान वर करून 'आ' करतेस. घरी येईपर्यंत तू माझ्याकडे बघितलं नाहीस. आपल्या दारात आल्यावर एवढंच म्हणालीस, "कुनाला सांगू नको." मी कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. त्या बुधवारी यांना सांगायला हवं होतं. मग त्यांना कळलं असतं की मी काय केलं ते मलाही ठाऊक आहे.

जेवताना मी म्हटलं, "माझं चुकलं." ते म्हणाले, "बरं." सकाळचा चहा अजूनही तेच करून देतात. फक्त आता कर्जतला निघताना कुठे, कशाला, किती वेळ, सगळं न विचारता सांगतात, आणि ते मला ऐकवत नाही.

हे कागद त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून आजच बंबात घालणार आहे. त्याआधी एक सांगते. सुतारकाका बोलल्यावर, सगळा उलगडा झाल्यावर, हे शिडीकडे वळले ना, तेव्हा मी त्यांच्या पाठीमागे जाऊन शर्टाला आणखी एकदा नाक लावलं होतं.