विसाव्याचं रान

मोजणीवाल्या गोऱ्या साहेबास,

तू माझ्या आजेसासऱ्यांच्या वयाचा, तरी नमस्कार लिहिणार नाही.

तू साखळी घेऊन आलास तेव्हा आमचं टेकडीवरचं रान विसाव्याला होतं. तीन वर्षं पेरायचं, दोन वर्षं जमिनीला निजू द्यायचं, ही आमची रीत. तू कुणाला विचारलं नाहीस. वहीत 'ओसाड' लिहिलंस आणि रान सरकारजमा होऊन गोऱ्या मळेवाल्यांकडे गेलं. मग चार पिढ्या आम्ही आमच्याच रानात तुमच्या मळ्याची मजुरी केली.

काल निकाल लागला. रान परत मिळालं. माझ्या वकील नातीने तुझाच नकाशा कोर्टात उलगडला. त्यात आमचे बांध तूच रेखले होतेस. ती म्हणाली, "ओसाड रानाला बांध घालायला भुतं आली होती का?" न्यायाधीशही हसले म्हणे.

आज सून विचारत होती, "आई, आधी काय पेरायचं?"

"काही नाही. दमलंय ते. दोन वर्षं निजू दे. आता कुणाची माय व्यालीय त्याला ओसाड म्हणायला!"

मीही आज दुपारी पाय पसरून झोपणार आहे. तुझा पत्ता ठाऊक नाही, म्हणून हे पत्र उशाखाली ठेवते.

त्या 'ओसाड' रानाची
मालकीण